जनुकं बदलण्याआधी टाकी सांभाळा

गळीत हंगाम सुरू झाला की कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात चिक्कोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी या पट्ट्यात रस्त्याने दोन तऱ्हेचे ट्रॅक्टर धावू लागतात. एक ऊस घेऊन कारखान्याकडे जाणारे आणि दुसरे कारखान्यातून प्रेसमड घेऊन शेताकडे निघालेले. दुसऱ्यांकडे फारसं कुणी बघत नाही. रस गाळल्यावर फिल्टरवर जो काळपट, ओलसर, आंबूस वासाचा गाळ उरतो तो प्रेसमड. आपल्याकडे बरेच जण त्याला नुसतं मळीच म्हणतात. गाळलेल्या उसाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास तो निघतो, म्हणजे दिवसाला ५,००० टन गाळप असेल तर १७५ टन. नीट चालवलेल्या बायोगॅस प्रकल्पात साधारण २५ टन प्रेसमडमागे १ टन शुद्ध केलेला गॅस मिळतो, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबाने एका कारखान्याच्या आवारात रोज सात टन गॅसचा कच्चा माल ढिगाने पडतो. घरगुती सिलिंडरच्या मापाने बोलायचं तर चारशेहून जास्त सिलिंडरांची उष्णता.

या गॅसच्या चर्चेत आता जनुकं बदललेले सूक्ष्मजीव आले आहेत. साखर, सांडपाणी किंवा नुसता कार्बन डायऑक्साइड खाऊन थेट प्रोपेन, आयसोब्युटीन किंवा हायड्रोजन असे जळणारे वायू सोडणारे जिवाणू प्रयोगशाळांत तयार झाले आहेत, आणि ही विज्ञानाची खरी कमाई आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी बायोई-३ हे जैवतंत्रज्ञानाचं धोरण मंजूर केलं, त्यात जैवउत्पादन आणि कार्बन पकडून वापरणं हे विषय ठळकपणे आहेत. त्यामुळे आज ना उद्या असे प्रस्ताव साखर पट्ट्यात येणार, आणि यायलाही हवेत. ते आले की कारखान्याचे सभासद, ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत यांनी त्यांच्याकडे कसं पाहायचं, हा सार्वजनिक प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की नव्या जंतूंची जागा कारखान्याच्या बंद, निर्जंतुक टाकीत आहे, गोबरगॅसच्या किंवा प्रेसमडच्या टाकीत नाही. आणि येत्या काही हंगामांत या भागाला जो गॅस मिळायचा आहे तो जुन्याच जंतूंकडून मिळायचा आहे, तेव्हा सार्वजनिक पैसा आधी त्यांच्या पोटापाण्यावर खर्च व्हायला हवा.

टाकीत शेण घाला, प्रेसमड घाला, नाहीतर हॉटेलचं उष्टं घाला, काम चार फळ्यांत चालतं. पहिली फळी सेल्युलोज, प्रथिनं आणि चरबी फोडून पाण्यात विरघळणारे तुकडे करते. दुसरी त्या तुकड्यांची आम्लं बनवते. तिसरी त्या आम्लांपासून अॅसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करते. चौथी फळी मिथेनोजेनांची, तीच मिथेन सोडते. हे मिथेनोजेन जिवाणूसुद्धा नव्हेत, आर्किया नावाच्या निराळ्याच कुळातले आहेत. हवेतला ऑक्सिजन त्यांना विष. त्यांच्या मिथेन बनवणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) गाभ्यात निकेलचा अणू असतो, म्हणून निकेल, कोबाल्ट, लोह यांचा अंश खाद्यात नसेल तर टाकी भरलेली असूनही गॅस उतरतो. शेणातून हे अंश आपोआप येतात. नुसत्या नेपियर गवतावर किंवा मक्याच्या मुरघासावर चालवलेल्या टाक्या काही महिन्यांनी अचानक मंदावतात, त्याचं एक कारण हेच.

सगळी ग्यानबाची मेख या फळ्यांच्या वेगात आहे. आम्ल करणारे जंतू काही तासांत दुप्पट होतात. अॅसिटिक आम्लावर जगणाऱ्या मिथेनोथ्रिक्स या मिथेनोजेनाला तेवढ्यासाठी चार ते सात दिवस लागतात. समजा, लग्नसराईतलं उरलेलं अन्न एका दिवसात टाकीत ओतलं, किंवा हंगाम संपताना ‘ढीग उचलायचाच आहे’ म्हणून प्रेसमडचा भरणा दुप्पट केला. आम्ल करणारे लगेच वाढतात, आम्ल साचतं, आणि ते खाणारे मात्र आठवडाभर मागेच राहतात. टाकीचा सामू (पीएच) ६.८ च्या खाली घसरला की मिथेनोजेन आणखी सुस्तावतात, आम्ल आणखी साचतं. बर्नर पेटेनासा होतो, कारण आता येणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइडच जास्त. याला आपल्याकडे ‘टाकी आंबली’ म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे.

आंबणार हे सात-आठ दिवस आधी कळू शकतं. टाकीतल्या गाळलेल्या द्रावाचा २० मिलिलीटर नमुना घ्यायचा, ०.१ नॉर्मल गंधकाम्लाने आधी सामू ५.० पर्यंत आणि मग ४.४ पर्यंत उतरवायचा. दोन टप्प्यांना किती आम्ल लागलं त्यावरून साचलेली आम्लं आणि ती पेलण्याची द्रावाची ताकद यांचं गुणोत्तर निघतं. ते ०.३ ते ०.४ असेल तर ठीक. चढायला लागलं तर भरणा निम्मा करायचा. आणखी चढलं तर भरणा बंद ठेवायचा, खाण्याचा सोडा किंवा थोडा चुना द्यायचा आणि शेजारच्या चालू टाकीतली स्लरी आणून घालायची. लागतं काय, तर ब्युरेट, सामूमापक आणि अर्ध्या तासाचं काम. सामू मोजून हे कळत नाही, कारण सामू हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. मोठमोठ्या प्रकल्पांच्या अहवालांत पंपांची अश्वशक्ती पानभर लिहिलेली असते, आणि ही चाचणी आठवड्यातून किती वेळा होणार याची एक ओळ नसते. तो अहवाल परत पाठवायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

या गर्दीत जनुक बदललेला जंतू सोडला तर काय होईल? त्याच्या अंगावर जास्तीचं ओझं आहे. बसवलेली जनुकं चालवायला त्याला ऊर्जा खर्च करावी लागते, आणि ती त्याच्या नव्हे, आपल्या फायद्याची असतात. रोजच्या भरण्याबरोबर अब्जावधी जंगली जंतू आत येतात, त्यांच्यावर हे ओझं नाही. टाकीतला माल साधारण ३० ते ४० दिवसांत बदलून जातो. तेवढ्यात जो जंतू आपली संख्या राखू शकत नाही तो स्लरीबरोबर बाहेर पडतो. जो राहतो तो बहुधा ओझं टाकून दिलेला, म्हणजे जनुक गमावलेला असतो. मिथेनोजेनांची जनुकं बदलताच येत नाहीत असं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मिथेनोसार्सिना या मिथेनोजेनावर क्रिस्पर हे जनुकं कापण्या-बदलण्याचं तंत्र चालवून दाखवलं गेलं. पण ते काम शुद्ध वाढवलेल्या जंतूवर, बंद कुपीत झालं. शेणाच्या टाकीत त्याचा टिकाव लागेल असा अर्थ त्यातून निघत नाही.

शिवाय स्लरी शेतात जाते. जनुक बदललेले जिवंत जंतू असलेली स्लरी शेतात ओतणं म्हणजे कायद्याच्या भाषेत ते निसर्गात मोकळे सोडणं. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम त्याला मनाई करतात, केंद्रीय पातळीवरच्या समितीची मंजुरी असल्याशिवाय. तेव्हा ‘आमची खास कल्चरची पुडी टाका, गॅस दीडपट’ असं सांगत कुणी गावात आलं तर दोनच शक्यता उरतात. पुडीतले जंतू साधे असतील, तर एक बादली ताजं शेण तेच काम करतं. ते खरोखर जनुक बदललेले असतील, तर पुडी विकणंच बेकायदा आहे.

आता नव्या जंतूंचं खरं काम बघू. त्यातलं सगळ्यात आकर्षक आहे प्रोपेन, कारण आपल्या सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. मिथेन नुसता दाब देऊन साध्या तापमानाला द्रवरूप होत नाही, म्हणून सीएनजीच्या टाकीत २०० बारच्या वर दाब ठेवावा लागतो आणि टाकी जाड, महाग होते. प्रोपेन साधारण ९ ते १० बारला द्रव होतो, शेगडीला चालतो, आहे त्याच सिलिंडरात मावतो. देशातला निम्म्याहून जास्त एलपीजी आयात होतो. म्हणून जंतूंकडून प्रोपेन मिळाला तर त्याची वाट बघणारी शेगडी घराघरांत तयार आहे.

निसर्गात प्रोपेनसाठी अशी मोठी वाट कुठल्या जंतूत नाही, ती जोडावी लागते. २०१४ मध्ये लंडनचं इम्पीरियल कॉलेज आणि फिनलंडचं तुर्कू विद्यापीठ इथल्या संशोधकांनी ई. कोलाय जिवाणूत ती जोडली. जिवाणू चरबीची आम्लं बनवतच असतो. ती साखळी चार कार्बनांवरच तोडायची, तिचं ब्युटिराल्डिहाइड करायचं, आणि एका विकराने त्यातला एक कार्बन काढून टाकायचा की तीन कार्बनांचा प्रोपेन उरतो. गॅस द्रावातून आपसूक वर येतो, इथेनॉलसारखं ऊर्ध्वपातन लागत नाही, उत्पादन साचून जंतू मरतही नाही. ही कल्पना खरोखर सुंदर आहे.

अडचण शेवटच्या विकरात आली. ते फार सावकाश चालतं आणि त्याला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन द्यायचा तर टाकीत हवा फुंकायची, आणि फुंकली की प्रोपेन हवेत मिसळून बाहेर येणार. हवेत प्रोपेन साधारण २ ते ९.५ टक्के असला की ठिणगीने स्फोट होतो. म्हणजे एकतर फार पातळ मिश्रणातून प्रोपेन वेगळा काढायचा खर्च सोसायचा, नाहीतर स्फोटाच्या पट्ट्यात टाकी चालवायची. सुरुवातीची उत्पादनं लिटरमागे मिलिग्रॅमच्या घरात होती.

दुसरी वाट २०१७ मध्ये सापडली. फ्रान्समधल्या संशोधकांना क्लोरेला या शेवाळात असं विकर मिळालं की निळा प्रकाश पडला की ते चरबीच्या आम्लातला एक कार्बन काढून टाकतं, ऑक्सिजन न लागता. मँचेस्टर विद्यापीठातल्या गटाने ते सुधारून ब्युटिरिक आम्लापासून प्रोपेन काढला आणि ते विकर हॅलोमोनास या मीठ सोसणाऱ्या जिवाणूत बसवलं. मीठ जास्त म्हणून इतर जंतू वाढत नाहीत, टाकी कडक निर्जंतुक ठेवण्याचा खर्च वाचतो. कागदावर हे आपल्या साखर पट्ट्याला जुळल्यासारखं दिसतं, पण दोन गोष्टी आड येतात. मोलॅसिस (साखर काढून उरलेला पाक) किंवा स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) हे काळेभोर द्राव. निळा प्रकाश त्यात जेमतेम पृष्ठभागाखाली जातो, आणि हजारो लिटरच्या टाकीत दिवे लावून ते उजळणं म्हणजे हेस्कॉम या वीज कंपनीचं बिल वाढवून गॅस विकत घेणं. दुसरी गोष्ट जमिनीची. हे जिवाणू लिटरला ३० ते ६० ग्रॅम मिठात वाढतात. ते पाणी वापरून झाल्यावर सोडणार कुठे? कृष्णाकाठी अथणी-रायबाग-चिक्कोडीत पाट आणि उपसा सिंचनाच्या अती पाण्याने जमिनी आधीच क्षारपड होत आल्या आहेत. चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम, चर आणि वर्षं किती लागतात हे त्या शेतकऱ्यांना विचारा. समुद्रकाठी जे तंत्र शहाणपणाचं ठरेल ते काळ्या जमिनीच्या खोऱ्यात, मीठ पूर्ण परत फिरवण्याची सोय असल्याशिवाय, मी तरी मान्य करणार नाही.

त्यावर साखरेचा हिशेब उरतोच. ग्लुकोजच्या एका रेणूपासून या वाटेने जास्तीत जास्त एक रेणू प्रोपेन मिळतो, म्हणजे १८० ग्रॅममागे ४४ ग्रॅम. जंतूला स्वतःच्या वाढीसाठी काहीच लागत नाही असं धरूनही १४.२ किलोच्या एका सिलिंडरसाठी ५८ किलो साखर लागते. केंद्राने २०१९ मध्ये ठरवलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दराने ती सुमारे १,८०० रुपयांची होते. यात वीज, वाफ, माणसं, कर्जाचा हप्ता काहीच धरलेलं नाही. घरगुती सिलिंडरला आपण देतो त्याच्या कितीतरी वर हे जातं. मोलॅसिस स्वस्त आहे म्हणावं तर त्यावर इथेनॉलचा हक्क आधीच बसला आहे, आणि तिथे यीस्ट तीच साखर जास्त सहज वापरतं. आयसोब्युटीनवर वर्षानुवर्षं काम केलेल्या फ्रान्सच्या ग्लोबल बायोएनर्जीज कंपनीने बाजारात पहिलं पाऊल टाकलं ते इंधनात नव्हे, सौंदर्यप्रसाधनांत. किलोला जास्त भाव तिथे मिळतो. यात गैर काहीच नाही, पण इंधनाचं गणित किती घट्ट आहे ते यातून दिसतं.

हायड्रोजनचीही मर्यादा जंतूत नसून रसायनात आहे. अंधाऱ्या टाकीत साखर आंबवून एका ग्लुकोजमागे फार तर चार रेणू हायड्रोजन मिळतो, उरलेली बरीचशी ऊर्जा अॅसिटिक आम्लात अडकते. ती सोडवायला पुन्हा मिथेनोजेनांचीच टाकी जोडावी लागते.

मग प्रेसमडच्या टाकीकडे परत येऊ, कारण तिथे हातात येण्याजोगा गॅस रोज वाया जातो आहे.

पहिला शत्रू गंधक. आपल्याकडचे बहुतेक कारखाने पांढरी साखर सल्फिटेशनने करतात. टन उसामागे अर्ध्या किलोच्या आसपास गंधक जाळून त्याचा धूर रसातून सोडतात. त्याचा काही भाग चुन्याबरोबर सल्फाइट-सल्फेट होऊन प्रेसमडमध्ये उतरतो. टाकीत सल्फेट खाणारे जंतू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात आणि ते करताना मिथेनोजेनांच्या तोंडचा घास पळवतात. एक किलो गंधक असा बदलला की जवळजवळ ०.७ घनमीटर मिथेन कमी होतो. शिवाय तो विषारी वायू इंजिन, कॉम्प्रेसर, पाइप सगळं खातो. सीबीजीचं, म्हणजे शुद्ध करून दाबलेल्या बायोगॅसचं भारतीय मानक, आयएस १६०८७, घनमीटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त हायड्रोजन सल्फाइड चालवून घेत नाही, आणि मिथेन किमान ९० टक्के मागतं. कच्च्या गॅसमध्ये तो शेकड्यांपासून हजारो पीपीएमपर्यंत (दहा लाखांत इतके भाग) असतो.

उपाय माहीत आहेत आणि तेही जुनेच. टाकीत लोहाचं क्षार घातलं की गंधक लोह-सल्फाइड होऊन खाली बसतं. किलोभर गंधकाला हिशेबाने १.७५ किलो लोह, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट. दुसरा मार्ग म्हणजे टाकीच्या डोक्यावरच्या जागेत गॅसच्या २ ते ६ टक्के इतकीच हवा सोडायची. तिथले गंधक खाणारे जंतू हायड्रोजन सल्फाइडचं पिवळं गंधक करून टाकतात, फुकट. मात्र हवा जास्त गेली तर मिथेनचा स्फोटक पट्टा, हवेत ५ ते १५ टक्के, गाठला जातो. म्हणून ऑक्सिजनमापक आणि पंप बंद करणारी साखळी नसेल तर या वाटेला जाऊच नये. शेवटचा राहिलेला अंश काढायला लोखंडी गंज चढवलेल्या भुशाचा थर असतो. तो बदलताना ओला ठेवायचा, कारण कोरडा झाला आणि हवा लागली की तो आपोआप पेट घेतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या वर गेला की नाकाला वास येणंच बंद होतं. ‘आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही’ हे वाक्य माणसं मारतं. टाकी किंवा स्लरीचा खड्डा साफ करायला वायूमापक, पंख्याने हवा, कमरेला दोर आणि वर दोन माणसं नसतील तर कुणालाही आत उतरवू नये, मग तो घरचा सालगडी असो की ठेकेदाराचा मजूर. आतला पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात.

दुसरी अडचण साठवणीची. हंगाम चार-पाच महिन्यांचा, टाकी बारमाही. प्रेसमड उघड्यावर ढिगात राहिला की आतून तापतो, कधी धुमसतो, आणि जो कार्बन मिथेन होणार होता तो हवेत निघून जातो. पावसात ढीग भिजला तर रस वाहून ओढ्याला लागतो. चिखलासारखा दाबून, हवा काढून, वर जाड प्लास्टिक अंथरून मुरघासासारखा साठवला तर नुकसान बरंच कमी होतं. प्रेसमडमधलं उसाचं मेण आणि वाळू हा तिसरा त्रास. मेण वर साय धरतं, वाळू तळाशी बसून टाकीची जागा खाते. वर ढवळणी आणि खाली गाळ काढायची वाट नसलेली टाकी दोन-तीन वर्षांत निम्मी होते. गॅस कमी झाला म्हणून दोष जंतूंना जातो आणि आत पाहिलं तर वाळू.

तापमान आपण विसरतो. बेळगावची हिवाळ्यातली रात्र १३-१५ अंशांवर उतरते, खानापूरकडे अंगणातलं पाणी त्याहून गार. मिथेनोजेनांना हवे असतात ३५ ते ३८ अंश. कारखान्याजवळच्या टाकीला हंगामात बॉयलरचं वाया जाणारं गरम पाणी फुकट मिळतं. म्हणून प्रेसमडची मोठी टाकी कारखान्याच्या भिंतीला लागून असावी, २० किलोमीटरवर ‘जागा स्वस्त मिळाली’ म्हणून नसावी. खानापूर तालुक्यातल्या घरगुती टाक्यांचा दोष बहुधा वेगळा असतो, पावसाचं पाणी स्लरीच्या खड्ड्यातून उलट शिरतं. बांधताना तोंड जमिनीपासून हातभर उंच ठेवलं असतं तर भागलं असतं.

घरगुती टाकीचं गणित साधं आहे. दोन घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरं, आणि तितकंच पाणी. त्यात पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो, महिन्याला दोनेक सिलिंडर वाचतात. गोठ्यात दोनच जनावरं राहिली की टाकी अर्धपोटी राहते. अनुदान टाकी बांधल्यावर मिळतं, चालल्यावर नाही. तिसऱ्या वर्षी शेगडी पेटते का हे बघायला कुणी येत नाही. हे बदलायला हवं. अनुदानाचा निम्मा भाग चालू टाकीसाठी राखून ठेवा, गावागावांत एका गवंड्याला आणि एका मुलीला किंवा मुलाला दुरुस्ती शिकवा, त्यांना दर तपासणीमागे पैसे द्या. एका जनुकसंपादन प्रयोगशाळेच्या खर्चात कितीतरी बंद टाक्या पुन्हा पेटतील.

यावर कुणी म्हणेल, हा नव्या विज्ञानाला विरोध झाला. तसं मुळीच नाही. बेळगावातच एस. निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, धारवाडला कृषी विद्यापीठ आहे. साखर, वाफ, डिस्टिलरी आणि रसायन जाणणारी माणसं एका भागात इतकी क्वचित मिळतात. जनुक बदललेल्या जंतूंना इथे दोन कामं आजच देता येतील. एक, बगॅस (उसाची चिपाडं) आणि पाचट फोडणारी विकरं बंद टाकीत बनवणं. विकर म्हणजे प्रथिन, ते जंतूंपासून वेगळं करून प्रेसमडच्या टाकीत घालता येतं, जिवंत जंतू बाहेर जात नाही. अशा तंतुमय मालात चार फळ्यांपैकी पहिली फळीच बहुधा सगळ्यात संथ असते, आणि मदतही तिथेच हवी आहे. दुसरं, डिस्टिलरीतला कार्बन डायऑक्साइड. किलोभर इथेनॉलमागे जवळजवळ तितकाच तो बाहेर पडतो, आणि शुद्ध असतो. तो हायड्रोजनबरोबर मिथेनोजेनांना दिला की मिथेन आणि पाणी मिळतं. त्यासाठी जनुक बदलावंच लागतं असंही नाही. डेन्मार्कमध्ये आवेदोरे इथे २०१६ पासून चाललेल्या प्रकल्पात निसर्गातूनच निवडलेला मिथेनोजेन वापरला. पण किलोभर मिथेनला अर्धा किलो हायड्रोजन लागतो, आणि तो पाण्यातून काढायला २५ युनिटच्या वर वीज. त्या मिथेनमध्ये परत मिळणारी उष्णता साधारण १४-१५ युनिटची. म्हणजे दुपारची जास्तीची सौर वीज जेव्हा जवळजवळ फुकट मिळेल त्याच तासांत हे परवडतं. तोवर हा संशोधनाचा विषय आहे, कारखान्याच्या कर्जाचा नाही.

आणि हे प्रयोग करताना काय दाखवायला हवं तेही स्पष्ट असावं. टाकी बंद, हवा सोडणाऱ्या नळीवर गाळणी, बाहेर पडणारा प्रत्येक लिटर द्राव १२१ अंशांवर किमान १५-२० मिनिटं वाफवून मारलेला, आणि मारला गेला याची तपासणी नोंदवलेली. जंतूत ‘स्वतःला मारणारं’ जनुक बसवलंय म्हणून वाफवणं वगळता येणार नाही. असं जनुकही पिढ्यांमागून गळून पडतं. प्रतिजैविकाला दाद न देणारी जनुकं निशाणी म्हणून वापरलेला जंतू उत्पादनाच्या टाकीत आणूच नये.

१९८९ च्या नियमांत जिल्हा पातळीवरची समिती आहे. आपल्याकडे ती डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, अध्यक्षतेखाली येते. असा प्रकल्प आला तर ती बसली का, तिने टाकी पाहिली का, तिचा अहवाल कुठे वाचायला मिळेल, हे विचारण्याचा हक्क गावाला आहे. आणि तो अहवाल गावाला समजेल अशा भाषेत असायला हवा. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या तरतुदींप्रमाणे, जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे किमान १५ टक्के असतील तर महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्या भाषेतही छापायला हव्यात. खानापूर, बेळगाव, निपाणी इथल्या मराठी माणसांच्या पलीकडे याला आणखी एक कारण आहे. टाकीवर काम करणारा मजूर कन्नड वाचणारा असेल, स्लरी घेणारा शेतकरी मराठी वाचणारा असेल, ठेकेदाराचा माणूस तिसरीकडचा असेल. ‘आत उतरू नका’ हा फलक कन्नड आणि मराठी दोन्हींत असणं हा सुरक्षेचा भाग आहे. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी या नद्या सीमा ओलांडून येतात. वर महाराष्ट्रात काही सांडलं तर खाली आपल्याकडे येतं, आणि आपल्याकडचं पुढे कृष्णेला. म्हणून दोन्ही राज्यांच्या प्रदूषण मंडळांनी स्लरी आणि स्पेंटवॉशच्या नोंदी एकमेकांना दाखवाव्यात, ही मागणी काठावरच्या पंचायतींनी ठराव करून करावी.

देशभरच्या वाहतुकीच्या आणि घरगुती पाइपच्या गॅसमध्ये सीबीजी मिसळण्याची सक्ती २०२५-२६ मध्ये १ टक्क्यापासून सुरू होऊन २०२८-२९ मध्ये ५ टक्क्यांवर जाणार आहे. त्यामुळे गॅस विकत घेणारा आता समोर आहे, टाकीच अशक्त आहे. सीबीजीसाठीच्या २०१८ च्या ‘सतत’ नावाच्या केंद्रीय योजनेने २०२३ पर्यंत ५,००० प्रकल्पांचं लक्ष्य ठेवलं होतं, आणि ते गाठलं गेलं नाही. मिथेनोजेन जगात कमी पडले म्हणून ते हुकलं नाही. कच्चा माल, गंधक, साठवण आणि स्लरीचं गिऱ्हाईक या चार ठिकाणी प्रकल्प अडकले.

स्लरीबद्दल सर्वात कमी बोललं जातं, म्हणून तिच्यावर थोडं. १७५ टन प्रेसमड घालणाऱ्या टाकीतून पाण्यासकट त्याहून जास्त स्लरी रोज बाहेर येते. तिच्यात प्रेसमडमधलं नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ सगळं शिल्लक असतं, फक्त कार्बन कमी झालेला. शेतकऱ्याने आजवर ज्या ट्रॉलीचे पैसे मोजले तो प्रेसमड आता त्याला मिळणार नाही, त्याच्या जागी पातळ स्लरी किंवा दाबून काढलेलं खत मिळणार. दहा-बारा किलोमीटरच्या पलीकडे पातळ स्लरी वाहून नेणं डिझेलला परवडत नाही. म्हणून टाकीच्या करारातच लिहून घ्यावं की सभासदाने दिलेल्या दर टन उसामागे इतकं किलो दाबलेलं खत त्याला परत मिळेल, पोत्यावर ओलावा आणि नत्राचं प्रमाण छापलेलं असेल, आणि हंगामातून किमान दोनदा त्याचा नमुना धारवाडला तपासून निकाल कारखान्याच्या गेटवर लावला जाईल.